तंबोऱ्याच्या तारा आणि मुलांचे कंठ

शाळेकरितां तंबोरा घ्यावयाचा झाला म्हणजे भोपळा केवढा, नक्षी कशी व किंमत किती, हे प्रश्न प्रथम विचारले जातात. तारा कोणत्या, हें मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं. दुकानदार ज्या चढवून देईल त्या आपल्या! आमच्या मतें हाच प्रश्न सर्वांआधीं विचारला पाहिजे, आणि त्याचें उत्तर दुकानांत नसून वर्गांतील मुलामुलींच्या कंठांत आहे.

तंबोऱ्यास सामान्यतः चार तारा असतात. पहिली पंचमाची, राग पाहून ती मध्यमांत किंवा निषादांतहि लावतात. मधल्या दोन षड्जाच्या, त्यांस जोड म्हणतात. आणि चौथी खर्जाची. जोड पोलादाची व खर्ज बहुधा पितळेचा. परंतु पहिली तार कशाची हें गळ्यावर ठरतें. पुरुषांचा षड्ज बहुधा काळी एकच्या आसपास असतो. तेथें ती पितळेची चालते. स्त्रियांचा व लहान मुलांचा षड्ज काळी चारच्या आसपास जातो. तेथें ती पोलादाचीच हवी, आणि सर्वच तारा अधिक बारीक हव्या.

ह्याचें कारण साधें आहे. मार्सेन नांवाच्या फ्रेंच ख्रिस्ती संन्याशानें १६३६ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत तारेचे नियम मांडले. तारेची लांबी व जाडी कायम ठेवून स्वर दुप्पट उंच करावयाचा तर ताण चौपट लागतो. काळी एकवरून काळी चारवर जाणें म्हणजे स्वर दीडपट चढविणें. त्यास ताण सव्वादोनपट हवा. हा सारा भार घोडी, तबली व दांडी ह्यांवर पडतो. उलट तारेची जाडी दोनतृतीयांश केली तर तोच उंच स्वर पूर्वीच्याच ताणांत निघतो. मात्र तो ताण आतां थोड्या धातूवर येतो, म्हणून तार पोलादाची लागते. पितळेस तो सोसवत नाहीं. जनानी तंबोरा मर्दानीहून आंखूड करतात तोहि ह्याचसाठीं.

युरोपांतील व्हायोलाचें उदाहरण येथें बोधप्रद आहे. त्याचा स्वर व्हायोलिनहून एका पंचमानें खालीं. त्या मानानें त्याचें अंग दीडपट हवें. पण तसें केल्यास तें वादकाच्या खांद्यावर मावणार नाहीं. म्हणून अंग लहानच ठेवून उणीव तारेनें भरून काढतात. आंतड्याच्या तांतीवर, आणि अलीकडे पोलादावर किंवा कृत्रिम धाग्यावर, धातूची बारीक तार गुंडाळून ती जड करतात. शिवाय व्हायोलाचें एकच ठराविक माप नाहीं. त्यामुळें एकाच्या वाद्यास शोभलेली तार दुसऱ्याच्या वाद्यास शोभेलच असें नाहीं. तेथें जी निवड वाद्याकडे पाहून होते, ती आपण गळ्याकडे पाहून कां करूं नये?

कारण येथें प्रश्न केवळ वाद्याचा नाहीं. बारातेरा वर्षांच्या सुमारास मुलाचा आवाज फुटूं लागतो. त्याच वेळीं उंच लावलेल्या तंबोऱ्याबरोबर त्यास ओढून गावयास लावलें तर गळा शिणतो, स्वर चिरकतो, वर्ग हंसतो. "तुला गाणें नाहीं" असें एकदां ऐकलेला मुलगा जन्मभर तोंड मिटून बसतो. मर्दानी तंबोऱ्याच्या खर्जांत बुडणाऱ्या मुलीचीहि तीच गत. दोष तारेचा, शिक्षा मात्र कंठास!

कोणी म्हणेल, आतां विजेची तंबोरापेटी आहे, मोबाइलवरहि तंबोरा वाजतो. बटण दाबतांच हवा तो षड्ज मिळतो. मग ही यातायात कशाला? ही सोय आम्ही नाकारीत नाहीं. आवाज फुटलेल्या मुलांस ती खुशाल द्यावी. परंतु पेटी जुळलेलाच स्वर देते. स्वर जुळविण्यास शिकवीत नाहीं. खुंटी पिळणें, मणी सरकविणें, जवारीवर सुताचा जीव बसविणें, आणि दोन जोड एक झाल्याची खूण कानानें ओळखणें, हेंच संगीताचें पहिलें शिक्षण होय. आमच्या तिसगांवासारख्या पर्जन्यछायेंतील गांवीं तर वैशाखांत लांकूड सुकतें व पावसाळ्यांत फुगतें. म्हणजे हें शिक्षण आयतेंच रोज घडेल.

मिरजेच्या सतार व तंबोऱ्यांस २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. एकोणिसाव्या शतकांत हत्यारें घडविणाऱ्या शिकलगारांनीं तेथें हा धंदा उभा केला. अशा कारागिरांस मागणी पाठवितांना "एक तंबोरा" एवढेंच न लिहितां षड्ज कळवावा. एकच तंबोरा परवडत असेल तर तो जनानी घ्यावा. कारण त्याचा लाभ सर्व मुलींस व खालच्या वर्गांतील मुलांस होईल. बरोबर जादा तारांचा एक संच असावा, आणि वादन संपतांच तारा कोरड्या फडक्यानें पुसाव्या, म्हणजे घामानें गंज चढणार नाहीं.

नक्षी पाहुण्यांस दिसते, तार मुलांस ऐकूं येते. शाळेनें कोणासाठीं खर्च करावा हें वेगळें सांगावयास नको.