आवाज कधी येतो?

दिवाळीची सुट्टी लागली की पुण्यामुंबईच्या कितीतरी गाड्या घाटाची वाट धरतात, आणि वर्षभर मुकाट्याने चाललेल्या इंजिनांना नेमका तेव्हाच कंठ फुटतो. सपाटीवर काही नाही. चढ लागला, अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दाबला, की बॉनेटखाली डब्यात खडे खुळखुळावेत तसा आवाज. पाय उचलला की बंद. मागे बसलेल्यांना वाटते फराळाचा डबा वाजतो आहे. चालवणारा मात्र मनातल्या मनात बँकेतली शिल्लक मोजू लागतो.

यंदा ही पाळी माझ्यावर आली. गाडी वडिलांची, चाळीस वर्षांची. एका टापटिपीच्या वर्कशॉपात आवाज पुरता ऐकण्यापूर्वीच निकाल मिळाला: बेअरिंग गेले, इंजिन खोलावे लागेल. खर्चाचा आकडा गाडीच्या किमतीहून मोठा होता. म्हणजे, न बोलता, गाडी भंगारात घाला असाच सल्ला. वडिलांच्या हाताने गुळगुळीत झालेले ते स्टिअरिंग पाहून मला तो मानवेना. मी आमच्या पेठेतल्या जुन्या मिस्त्रींकडे गेलो.

मराठीचा मास्तर असल्यामुळे आवाजाचे वर्णन मी मोठ्या हौसेने सुरू केले. मिस्त्रींनी हात पुसत मला थांबवले.

"सर, आवाज कसा येतो ते मागाहून सांगा. आधी कधी येतो ते सांगा."

मग प्रश्नांची सरबत्ती. गाडी उभी असताना येतो का? वळण घेताना? गार इंजिनात की तापल्यावर? गिअर उतरवला तर राहतो की जातो?

वर्गात आम्ही नादानुकारी शब्द शिकवतो, तेव्हा मुलांना ते कवितेचे अलंकार वाटतात. मिस्त्रींच्या हाती ती पान्यांइतकीच कामाची हत्यारे होती. उभ्या गाडीतही इंजिनाच्या तालावर टिकटिक होत असेल, तर टॅपेट पाहायचे. वळताना चाकाकडून कटकट आली, तर अ‍ॅक्सलचा सांधा. खोलवरून, छातीत जाणवेल अशी ठकठक आली, तर मात्र बेअरिंगची शंका घ्यायची. आणि फक्त जोर पडल्यावर, वरच्या गिअरमध्ये, पातळशी खुळखुळ आली, तर ते नॉकिंग.

आम्ही चढावर गेलो. टॉप गिअरमध्ये संथ चाल ठेवून त्यांनी मला अ‍ॅक्सिलरेटर दाबायला लावला. खुळखुळ आली. "आता तिसरा टाका." आवाज नाहीसा! "बेअरिंग एवढ्या लवकर ऐकत नसतं, सर."

नॉकिंग म्हणजे काय, हे मला त्या दिवशी नीट उमगले. सिलिंडरात पिस्टन पेट्रोल आणि हवेचे मिश्रण दाबतो, प्लग ठिणगी देतो आणि ज्योत एका टोकाकडून दुसरीकडे पसरते. ती पसरायला वेळ लागतो, म्हणून पिस्टन माथ्यावर पोचण्याच्या थोडी आधी ठिणगी पडावी लागते. पण ती फारच आधी पडली, इंजिन फाजील तापले, आत कार्बन साचला किंवा पेट्रोल कमी ऑक्टेनचे असले, तर ज्योत पोचण्यापूर्वीच कोपऱ्यातले उरलेले मिश्रण आपणहून भडकते. त्या दणक्याने सिलिंडर वाजू लागतो. दुर्लक्ष केले, तर पिस्टनला भोकसुद्धा पडू शकते.

मिस्त्रींनी रेडिएटरचे पाणी पाहिले, प्लग काढून त्यांची तोंडे न्याहाळली आणि शेवटी टायमिंग लाइट लावला. मागच्या सर्व्हिसिंगला कुणीतरी 'पिकअप' वाढवण्यासाठी टायमिंग पुढे करून ठेवले होते. त्यांनी डिस्ट्रिब्यूटरचा बोल्ट सैल केला, केसभर फिरवला, पुन्हा आवळला. त्याच चढावर गाडी निमूट चढली.

दरम्यान त्यांच्या हाताखालच्या पोराने पेट्रोलमध्ये ओतायची एक बाटली सुचवली होती. मिस्त्री म्हणाले, "बाटलीने आवाज बसेल रे, दोष कसा बसेल?"

या एका वाक्यात मोटारीच्या इतिहासातले एक मोठे प्रकरण सामावले आहे. 1921 च्या डिसेंबरात अमेरिकेत जनरल मोटर्सच्या टॉमस मिजली याला असे आढळले, की शिशाचे एक संयुग पेट्रोलमध्ये किंचित मिसळले की नॉकिंग थांबते. मद्यार्कानेही ते थांबते, हे त्याला ठाऊक होते. पण बाजारात आले ते शिसे. 1924 मध्ये न्यू जर्सीतल्या एका कारखान्यात या संयुगाच्या विषबाधेने पाच कामगार दगावले. तरीही ते जगभर विकले गेले. इंजिने गप्प झाली आणि शिसे धुरातून लहान मुलांच्या रक्तात उतरत राहिले. भारतात शिसेयुक्त पेट्रोल 2000 साली बंद झाले. जगातला शेवटचा पंप अल्जीरियात 2021 मध्ये. आणि ज्या मद्यार्काला तेव्हा बाजूला सारले, तो आज आपल्याकडच्या उसातूनही निघून पेट्रोलमध्ये मिसळला जातो. जुन्या गाडीच्या रबरी नळ्यांना तो कितपत सोसतो, हे मात्र आपल्या मिस्त्रींना विचारून घ्यावे.

नव्या गाड्यांच्या इंजिनाला स्वतःचाच कान असतो. नॉकिंगची चाहूल लागताच तो संगणकाला कळवतो आणि ठिणगी मागे सरकवली जाते. चालकाला काही ऐकू येत नाही. सोय मोठी आहे. पण पेट्रोल भेसळीचे असेल किंवा आत कार्बन साचला असेल, तर तो दोष तिथेच राहतो. गाडी थोडी मंदावते, थोडे जास्त पिते, आणि आपण दोष रस्त्याला देतो.

तेव्हा वाचकहो, या सुट्टीत घाट चढताना गाणी थोडा वेळ बंद ठेवा आणि काच खाली करा. खुळखुळ ऐकू आली तर पाय हलका करा, खालचा गिअर टाका आणि चढाचे ठिकाण ध्यानात ठेवा. घरी परतल्यावर इंजिन खोलायला निघालेल्या कारागिराला एवढेच विचारा, की आवाज कधी येतो हे तुम्ही पाहिलेत का? तो गाडी घेऊन तुमच्याबरोबर चढावर आला, तर खुशाल त्याच्या हाती चावी द्या.