लांबलचक शब्दांची फोड

'समासाचा विग्रह करा' हा प्रश्न आपण सर्वांनी शाळेत सोडवला आहे. इंग्रजीतले लांबलचक शास्त्रीय शब्द समोर आले की तीच विद्या बाहेर काढावी, कारण ग्रीक-लॅटिन तुकडे जोडून केलेले हे बहुतेक सामासिक शब्दच असतात. 'हिपोपोटॅमस'मध्ये घोडा आणि नदी आहे. आपला पाणघोडा त्याचा सख्खा भाऊ. 'हेलिकॉप्टर' मात्र फसवतो. त्याची फोड 'हेली' आणि 'कॉप्टर' अशी नाही. 'हेलिको' म्हणजे मळसूत्रासारखा आणि 'प्टर' म्हणजे पंख. मुलांच्या लाडक्या 'टेरोडॅक्टिल'च्या सुरुवातीलाही हाच पंख आहे. तिथे 'प' लिहायचा, पण म्हणायचा नाही.

म्हणजे अर्थासाठी शब्द एका जागी तोडायचा आणि उच्चारासाठी दुसऱ्या. 'थर्मो' म्हणजे उष्णता, 'मीटर' म्हणजे माप. पण बोलताना 'थर-मॉ-मि-टर', आणि जोर 'मॉ'वर. मराठीत आपण सगळ्या अक्षरांना जवळजवळ सारखंच वजन देतो, म्हणून शब्द बरोबर असूनही समोरच्याला कळत नाही. एक सोपी खूण सांगते. शेवटी 'लॉजी' किंवा 'ग्राफी' असेल तर जोर शेवटून तिसऱ्या तुकड्यावर: 'फ-टॉ-ग्र-फी'मध्ये 'टॉ'वर. शेवटी 'इक' आला की त्याच्या लगेच आधी: 'फोटोग्राफिक'मध्ये 'ग्रा'वर.

हे नुसतं भाषेचं कौतुक नाही. भारतातलं पॅरासिटामॉल इथे अमेरिकेत 'असिटामिनोफेन' या नावानं मिळतं. दोन्ही नावं 'पॅरा-असिटिल-अमिनो-फेनॉल' या एकाच रासायनिक नावातून कापून काढलेली. उच्चार 'अ-सी-ट-मि-न-फेन', जोर 'सी' आणि 'मि'वर. सर्दी-तापाच्या अनेक तयार मिश्रणांतही हेच असतं. भारतातून आलेले आई-बाबा सोबतच्या पॅरासिटामॉलच्या गोळ्या घेतात आणि वर इथलं सर्दीचं औषध. नावं वेगळी, म्हणून कुणाला शंका येत नाही. पण एकच औषध दोनदा पोटात जातं, आणि मात्रा फार झाली तर यकृताला गंभीर इजा होऊ शकते.

तेव्हा ते आले की त्यांची औषधांची पिशवी आणि आपलं कपाट एकदा समोरासमोर मांडा. लेबलं मोठ्यानं वाचा, शब्द फोडा. मुलांनाही बसवा; उच्चार ती सांगतील, विग्रह आपण सांगू. तरीही शंका उरली तर दोन्ही पाकिटं फार्मसिस्टला दाखवा.