स्टेशनपासून पुढचे सहा किलोमीटर

पुण्यात २०१७ च्या डिसेंबरमध्ये विद्यापीठाच्या आवारात आणि औंधमध्ये भाड्याच्या सायकली उभ्या राहिल्या. मोबाइलवरून कुलूप उघडायचं, काम झालं की सायकल जिथे असेल तिथे लावून निघून जायचं, अशी सोय होती. त्याच महिन्यात पुणे महापालिकेच्या सभेनं शहराचा सायकल आराखडा मंजूर केला. त्यात आठशे किलोमीटरहून अधिक लांबीचं सायकल मार्गांचं जाळं होतं. पेडल, ओफो, मोबाइक, युलू अशा कंपन्या एकामागून एक आल्या. पहिले काही महिने गर्दी उसळली. मग सीट गायब, चाकं वाकडी, कुलपं तोडलेली, अशा बातम्या यायला लागल्या. ओफोनं २०१८ च्या मध्यावर भारतातूनच गाशा गुंडाळला, बाकीच्या कंपन्यांनीही हळूहळू हात आखडता घेतला. दोन-तीन वर्षांत फुटपाथच्या कडेला गंजणारे सांगाडे तेवढे उरले.

यावर आपल्याकडे ठरलेली प्रतिक्रिया येते, ‘आपल्या लोकांना शिस्तच नाही.’ मला ती पटत नाही. पॅरिससारख्या शहरातही भाड्याच्या सायकली चोरीला गेल्या, मोडल्या गेल्या. अ‍ॅमस्टरडॅममध्ये १९६५ साली काही तरुणांनी पांढऱ्या रंगाच्या फुकट सायकली रस्त्यावर ठेवल्या, तो प्रयोगही टिकला नाही. नेदरलँड्सची आज सायकलींचा देश म्हणून ख्याती आहे, पण त्याची सुरुवातही फसण्यातूनच झाली. तेव्हा टिकलेल्या योजना का टिकल्या, हे पाहायला हवं.

नेदरलँड्समध्ये रेल्वे स्टेशनवर भाड्यानं मिळणारी निळी-पिवळी सायकल आहे. तिचं नाव ओव्ही-फिट्स, म्हणजे सार्वजनिक वाहतुकीची सायकल. या शतकाच्या सुरुवातीला ती लहान प्रमाणावर सुरू झाली आणि २००८ मध्ये तिथल्या रेल्वेनं स्वतःकडे घेतली. आज सुमारे तीनशे ठिकाणी वीस हजारांहून अधिक अशा सायकली आहेत. २०१९ या एका वर्षात त्यांच्या पन्नास लाखांहून अधिक फेऱ्या झाल्या. ज्या कार्डावर ट्रेनचं तिकीट, त्याच कार्डावर सायकल. दिवसाचं भाडं साडेचार युरोच्या आसपास, म्हणजे तिथल्या हिशेबानं एका कॉफीपेक्षा थोडं जास्त. आणि महत्त्वाची अट अशी की जिथून नेली तिथेच परत आणून द्यायची. दुसरीकडे सोडली तर जादा पैसे.

ही अट वरवर जाचक वाटते, पण योजना उभी आहे ती तिच्यावरच. ही सायकल घरापासून स्टेशनला यायला नाही. त्यासाठी डच माणसाकडे स्वतःची सायकल असते, आणि ती ठेवायला स्टेशनवर जागा असते. उट्रेख्त स्टेशनखाली साडेबारा हजार सायकलींचा तळ आहे, २०१९ मध्ये तो पूर्ण झाला. भाड्याची सायकल लागते ती प्रवासाच्या दुसऱ्या टोकाला. परक्या गावात उतरलो, ऑफिस किंवा कॉलेज तीन-चार किलोमीटरवर आहे, संध्याकाळी याच स्टेशनवरून परतायचं आहे. अशा माणसाच्या मनात सायकल कुठेतरी टाकून देण्याचा विचारच येत नाही. पुण्यातल्या सायकली कोणत्या माणसाच्या कोणत्या प्रवासासाठी आहेत, हे कुणी ठरवलंच नव्हतं. त्या सगळ्यांसाठी होत्या, म्हणून कुणाच्याच झाल्या नाहीत.

मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलाची कथा थोडी वेगळी. तिथे २०११ च्या सुमारास तेरा किलोमीटरचा सायकल मार्ग बांधला गेला. त्यावर गाड्या उभ्या राहिल्या, खाण्याच्या टपऱ्या लागल्या, सायकली काही धावल्या नाहीत. २०२० मध्ये त्याच भागात युलूच्या विजेवर चालणाऱ्या छोट्या दुचाक्या आल्या. वांद्रे आणि कुर्ला या दोन स्टेशनांवर उतरणाऱ्या नोकरदारांना ऑफिसपर्यंत नेणं, हे त्यांचं नेमकं काम. त्या टिकल्या. पुढे घरोघरी जेवण पोचवणाऱ्या मुलांनी त्या मोठ्या संख्येनं भाड्यानं घेतल्या. वाहतुकीच्या दृष्टीनं हे यशच आहे. एका डॉक्टरच्या दृष्टीनं मात्र त्यात एक गंमत आहे. आपल्याकडे जी ‘सायकल’ टिकली, तिला पायडलच नाही.

पायडलचा आग्रह का धरायचा, ते सांगतो. आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार भारतात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, आणि साडेतेरा कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आलेल्या अंदाजानुसार भारतातले जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नाहीत. स्त्रियांमध्ये हे प्रमाण ५७ टक्के आहे. २००० साली एकूण प्रमाण २२ टक्क्यांच्या आसपास होतं. रत्नागिरीच्या सरकारी रुग्णालयात बसून मला या आकड्यांचं आश्चर्य वाटत नाही. पूर्वी सड्यावरून चालत शाळेला गेलेला माणूस आज चाळिशीत गोळ्या घ्यायला येतो, तो स्कूटरवरून. त्याला ‘रोज चाला’ सांगितलं की तो मान डोलावतो. पुढच्या वेळी विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘डॉक्टर, वेळ खंय गावता?’ आणि तो खोटं बोलत नसतो.

व्यायाम वेगळा काढून करायचा म्हटला की तो पहिल्या पावसात, पहिल्या लग्नसराईत बंद पडतो. जाण्या-येण्यातच तो मिसळलेला असला तर चालू राहतो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम दमणूक होईल अशी हालचाल सांगते. रत्नागिरी स्टेशन ते बाजारपेठ अंतर पाच-सहा किलोमीटर. सावकाश सायकल चालवली तरी पंचवीस मिनिटं. जाऊन-येऊन पन्नास. आठवड्यातून तीन दिवस एवढं केलं की १५० मिनिटं भरली, वेगळा वेळ न काढता. शिवाय सायकलवर शरीराचा भार सीटवर असतो, त्यामुळे ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनाही ती बहुधा चालण्यापेक्षा झेपते.

ब्रिटनमध्ये अडीच लाखांहून अधिक लोकांच्या पाहणीवरचा एक अभ्यास २०१७ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. कामावर सायकलनं जाणाऱ्यांमध्ये, गाडीनं किंवा बस-ट्रेननं जाणाऱ्यांच्या तुलनेत, पाहणीच्या काळातला मृत्यूचा धोका ४१ टक्क्यांनी कमी आढळला. अर्थात, हा निरीक्षणावर आधारलेला अभ्यास आहे. जो सायकल चालवतो तो मुळातच थोडा निरोगी असण्याची शक्यता असते. संशोधकांनी वय, धूम्रपान, वजन वगैरे लक्षात घेऊन हिशेब केला, तरी ती शंका पूर्ण फिटत नाही. फायदा अगदी ४१ टक्केच आहे असं मी रुग्णाला सांगणार नाही. फायदा आहे, आणि तो लहान नाही, एवढं नक्की सांगेन.

लगेच येणारा प्रश्न म्हणजे धूर आणि अपघात. बार्सिलोनाच्या भाड्याच्या सायकल योजनेवर २०११ मध्ये नेमका हाच हिशेब मांडला गेला. हालचालीमुळे वर्षाला सुमारे बारा मृत्यू टळतात, तर अपघात आणि प्रदूषित हवा मिळून जे मृत्यू वाढतात ते एकाच्या पाव हिश्श्याहूनही कमी, असं गणित निघालं. पण ते बार्सिलोनाच्या रस्त्यांचं गणित आहे. ते उचलून आपल्या महामार्गावर ठेवता येणार नाही. भारतात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यात सायकलस्वार सुमारे तीन टक्के होते. आकडा लहान वाटतो, पण रस्त्यावर सायकलीच किती उरल्या आहेत तेही पाहा. चालती गाडी ताशी ३० किलोमीटरच्या वेगानं माणसाला धडकली तर बहुतेक जण वाचतात. वेग ५० च्या पुढे गेला की वाचण्याची शक्यता झपाट्यानं खाली येते. हेल्मेट घालावंच, पण शेवटी निकाल लावतो तो समोरच्या गाडीचा वेग.

नेदरलँड्सनं हे महाग किंमत मोजून ओळखलं. १९७१ साली त्या चिमुकल्या देशात तीन हजारांहून अधिक माणसं रस्त्यावर मेली, त्यात चारशेहून जास्त मुलं होती. आईबाप रस्त्यावर उतरले. मागणी सरळ होती, मुलांचे हे बळी थांबवा. १९७३ चं तेलसंकट आलं आणि सरकारलाही ते ऐकावं लागलं. आज जे रुंद, वेगळे सायकल मार्ग पर्यटक कौतुकानं मोबाइलवर टिपतात, ते त्या आंदोलनानंतर झालेले आहेत.

आता आपल्या दाराशी काय आहे ते पाहू. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण मार्गावर सुरू झाली. डोंगर, नद्या आणि बोगद्यांचं गणित सांभाळताना बरीच स्टेशनं गावापासून लांब पडली. नावातच ‘रोड’ असलेली स्टेशनं पाहा, राजापूर रोड, संगमेश्वर रोड, सावंतवाडी रोड. रत्नागिरीचं स्टेशन कुवारबावच्या बाजूला. अलीकडे राज्य सरकारनं या मार्गावरच्या अनेक स्टेशनांचा दर्शनी भाग आणि बाहेरचा परिसर सुशोभित केला. छान झालं. पण उतरलेल्या माणसाचा पुढचा प्रवास त्यानं बदलला नाही. तो रिक्षा शोधतो, नाहीतर एसटीची वाट पाहतो.

इथे भाड्याची सायकल चालेल का? सरसकट विचारलं तर चालणार नाही. कोकणकन्या किंवा तुतारीनं रात्रभर प्रवास करून पहाटे उतरलेला चाकरमानी दोन बॅगा, नारळाची पिशवी आणि पेंगुळलेली पोरं घेऊन सायकलवर बसणार नाही. त्यानं बसूही नये. जून ते सप्टेंबर इथे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. डच लोक पावसातही सायकल चालवतात, हे खरं असलं तरी त्यांचा पाऊस म्हणजे आपली भुरभुर. वर आपला चढ-उतार. कुवारबाव ते मारुती मंदिर हा सड्यावरचा टप्पा एकवेळ ठीक, पण खाली बाजारात उतरलेल्याला परतताना चढ काढायचाच आहे. पन्नाशीचा, रक्तदाबाच्या गोळ्या घेणारा माणूस तो पहिल्या दिवशी काढायला गेला तर मलाच काळजी वाटेल.

तरीही एक गट उरतो आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. पॅसेंजर गाडीनं आसपासच्या स्टेशनांवरून कॉलेजला, ऑफिसला, एमआयडीसीत कामाला, दवाखान्यात ड्यूटीला येणारी माणसं. सकाळी उतरायचं, संध्याकाळी त्याच स्टेशनवरून परतायचं. डच योजनेचा गिऱ्हाईक हाच. हा गट हजारोंचा नाही, म्हणून पाचशे सायकली आणून फीत कापण्यात अर्थ नाही. पन्नास पुरेत, पण त्या पायडल मारल्यावरच मोटर साथ देईल अशा असाव्यात. युरोपातल्या सात शहरांत झालेल्या एका अभ्यासात अशा सायकली वापरणाऱ्यांची आठवड्याची एकूण हालचाल साध्या सायकलवाल्यांइतकीच भरली, कारण ते लांबची अंतरं कापतात. चढाची धास्ती जाते आणि घाम निम्मा होतो. ऑफिसला जाणाऱ्या बाईच्या दृष्टीनं हा दुसरा मुद्दा पहिल्याइतकाच मोठा आहे.

त्याहून स्वस्त आणि आधी करण्यासारखं काम दुसऱ्या टोकाला आहे. लहान स्टेशनांवर सायकल ठेवायला पत्र्याची शेड, कुलूप अडकवायला लोखंडी दांडा आणि नजर ठेवायला एक माणूस. गावातून स्टेशनला स्वतःच्या सायकलनं येणारं पोर तिथे सायकल ठेवू शकलं पाहिजे, आणि संध्याकाळी ती तिथेच सापडली पाहिजे. मोटरसायकलींसाठी हे झालेलं आहे. सायकलीसाठी व्हायला तेवढीसुद्धा जागा लागत नाही.

चालवणार कोण, हा खरा अडथळा. पुण्यात सायकल कंपनीची, रस्ता महापालिकेचा आणि मोडतोडीची जबाबदारी कुणाचीच नाही, अशी गत होती. नेदरलँड्समध्ये सायकल ही रेल्वेच्याच प्रवासाचा भाग मानली गेली, म्हणून तिची दुरुस्ती रेल्वेच्या खर्चात बसली. कोकण रेल्वेच्या भारतीय रेल्वेतल्या विलीनीकरणाला महाराष्ट्रानं २०२५ मध्ये संमती दिली आहे. स्टेशनच्या आवारातल्या सोयी कुणी पाहायच्या, याची नव्यानं वाटणी होईल तेव्हा पन्नास सायकली आणि एक मेकॅनिक त्या कागदावर चढवता येतील.

रस्त्याचं मात्र तेवढं थांबता येणार नाही. मिऱ्या-नागपूर महामार्गाचं रुंदीकरण स्टेशनजवळूनच जातं. रस्ता रुंद झाला की गाड्यांचा वेग वाढतो. ज्याला स्टेशनवरून शहराकडे सायकलनं यायचं आहे, त्याला याच वाहतुकीच्या कडेनं यावं लागणार. दोन मीटरची वेगळी पट्टी, मध्ये उंच कठडा आणि शहराच्या हद्दीत वेगमर्यादा. डांबर पडण्याआधी या गोष्टी थोडक्या खर्चात होतात, नंतर त्यासाठी रस्ता पुन्हा उकरावा लागतो.

ज्यांना उद्यापासूनच सायकल बाहेर काढायची आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. छातीत दुखणं, धाप लागणं, चक्कर येणं असा त्रास असेल तर आधी तपासून घ्या. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेत असाल तर उपाशीपोटी निघू नका, खिशात थोडी साखर किंवा दोन खडीसाखरेचे खडे ठेवा. मधुमेहानं पायाला बधिरपणा आलेल्यांनी चप्पल घालून पायडल मारू नये, बंद बूट घालावेत आणि घरी आल्यावर तळवे पाहावेत. सीटची उंची अशी ठेवा की पायडल खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहील. बहुतेकांचे गुडघे सायकलनं दुखत नाहीत, फार खाली ठेवलेल्या सीटनं दुखतात.