रामलिंग घाटातील पाहुणा

येडशीजवळच्या रामलिंगाच्या दर्शनास तुमच्यापैकी पुष्कळजण गेले असतील. पावसाळ्यात तेथे धबधबा कोसळतो आणि वानरसेना यात्रेकरूंच्या हातांतील खाऊवर टपून बसते! या घाटात वाघ येईल असे कोणी म्हणाले असते, तर मी हसलो असतो. परंतु डिसेंबर २०२४ मध्ये तेथील अभयारण्यात लावलेल्या कॅमेऱ्याने एका वाघाचे छायाचित्र टिपले. जसे दोन माणसांच्या बोटांचे ठसे, तसे दोन वाघांचे पट्टे कधी सारखे नसतात. पट्ट्यांवरून ओळख पटली, की हा यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरच्या वनातला. शेते, नद्या, हमरस्ते ओलांडीत तो शेकडो किलोमीटर चालून आला होता.

तरुण नर वाघास स्वतःचे क्षेत्र शोधावयास आईचे रान सोडावे लागते. त्याला जिल्ह्याची सीमा कशी ठाऊक असणार? मग राष्ट्राची तरी कोठून? तराईतील वाघ भारतातून नेपाळात जातात. हिमबिबट्या तर आशियातील बारा देशांच्या पर्वतांतून वावरतो. शिवाय एका देशात मारलेल्या वाघाची हाडे नि कातडे चोरट्या वाटेने दुसऱ्या देशात विकली जातात. एकट्याने पहारा करून काय उपयोग? म्हणूनच एप्रिल २०२३ मध्ये म्हैसूर येथे भारताने वाघ, सिंह, बिबट्या, हिमबिबट्या, चित्ता, जग्वार व प्यूमा या सात प्राण्यांसाठी ‘इंटरनॅशनल बिग कॅट अलायन्स’ या राष्ट्रसंघटनेची घोषणा केली.

हे योग्यच झाले. तथापि अशा संघटनांची परीक्षा सभागृहात होत नाही, ती गोठ्यात होते, असे माझे मत आहे. आपल्याकडे आलेल्या या वाघाने धाराशिव आणि बार्शीच्या परिसरात गुरे मारली. ज्याचे वासरू गेले, तो शेतकरी म्हणाला, “हा वाघ येथे नको,” तर त्याला अडाणी म्हणण्याचा अधिकार आपणांस नाही. वाघ सर्वांचा आणि वासरू मात्र त्या एकट्याचे, हा कोठला न्याय?

मंगोलियातील मेंढपाळ आणि ब्राझीलमधील गुराखी हेच दुःख सोशीत आहेत. लडाखात काही गावांनी मेंढवाड्यांवर जाळीचे छत घातले. हिमबिबट्याला आत उडी घेता येईना, आणि माणसाला सूड घेण्याचे कारण उरेना. राष्ट्रांनी एकमेकांपासून शिकावयाचे ते हे. भरपाई देण्याची सोय आपल्या राज्यात आहे. ती वेळेवर हाती पडली पाहिजे.

रामलिंगाचे अभयारण्य जेमतेम २२ चौरस किलोमीटरांचे. एका नर वाघास ते अपुरेच. त्यास पकडून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात न्यावे, असे वनखात्याने २०२५ च्या आरंभी ठरविले. पथके आली, पिंजरे आले. पाहुणा मात्र कित्येक दिवस हुलकावणी देत राहिला. पण आता वाट सापडली आहे, तेव्हा टिपेश्वराहून उद्या दुसराही येईल. तो येण्यापूर्वी घाटाभोवतीच्या गावांतले गोठे भक्कम झालेले असावेत.