बंद दाराआडचे स्क्रू

प्रति,
मा. सचिव, ग्राहक व्यवहार विभाग, भारत सरकार,
कृषी भवन, नवी दिल्ली



दुरुस्तीच्या अधिकारासाठी आपल्या विभागाने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहकदिनी, पोर्टल सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाईल, घरातली उपकरणे आणि मोटारी ही त्यातली चार क्षेत्रे. त्यातल्या चौथ्या क्षेत्रातली एक किरकोळ वाटणारी अडचण आपल्यापुढे मांडतो: गाडीचे दार लागते, आणि मग उघडतच नाही.

आम्हा कोकणवासीयांना ही अडचण चांगली परिचयाची. पावसाचे पाणी काचेच्या कडेने दारात उतरतेच. ते तळाच्या भोकांतून निघून जावे अशी रचना असते. पण लाल मातीने भोके बुजली की दार आतून ओलेच राहते, आणि खारी हवा तर बारमाही. लॉकमधला आकडा दारालगतच्या खांबावरच्या कडीला, म्हणजे स्ट्रायकरला, पकडतो आणि एक छोटा खटका त्या आकड्याला धरून ठेवतो. हा खटका गंजाने किंवा सुकलेल्या ग्रीसने चिकटला की दार सुटत नाही. उन्हाळ्याचा उपद्रव वेगळा. बाहेरच्या हँडलपासून लॉकपर्यंत जाणारा रॉड बऱ्याच गाड्यांत प्लॅस्टिकच्या क्लिपने अडकवलेला असतो. वर्षानुवर्षे तापून ती ठिसूळ होते, एक दिवस तुटते, आणि हँडल हातात नुसते लुळे हलत राहते.

जाणता मेकॅनिक हँडल ओढूनच निम्मे निदान करतो. सैल लागले तर रॉड, क्लिप किंवा केबल सुटली. ताण नेहमीसारखा असूनही दार सुटत नसेल तर खटका अडकला. मागचे दार बाहेरून उघडते आणि आतून नाही, तर आधी चाइल्ड लॉक पाहायचे. (एवढे पाहण्याचे पैसे लावणारे महाभागही आहेत.) खटकाच अडकला असेल तर फटीतून गंज सोडवणारा स्प्रे मारतात, एकजण हँडल ओढून धरतो, दुसरा दार खांद्याने आत दाबतो. लॉक-अनलॉकची खटखट चालूच. बऱ्याचदा एवढ्यावर भागते.

नाही भागले तर पंचाईत. लॉक दाराच्या ज्या कडेला बसवतात, ती कड बंद दारात खांबाला भिडलेली असते आणि लॉकचे स्क्रू नेमके त्याच कडेवर. म्हणजे लॉक काढायला दार उघडायला हवे आणि दार उघडायला लॉक सोडवायला हवे! मग आतून डोअर पॅड काढायचे. दार बंद असताना सीट आडवी येते, म्हणून काही गाड्यांत आधी सीटच बाहेर. त्या मॉडेलमध्ये रॉड कुठून जातो हे ज्याला ठाऊक, तो लांब पेचकस घालून खटका ढकलतो. ज्याला ठाऊक नाही, तो पॅड फोडतो, प्रसंगी पत्रा कापतो. काही गाड्यांच्या दारात आता एअरबॅगचे सेन्सर आणि वायरिंग असते, तिथे अंदाजाने कापाकापी महागात पडते.

आमच्याकडे कारागीर आहेत. अडते ते माहितीवाचून आणि सुट्या भागावाचून. मालकाला मिळणारे पुस्तक चाइल्ड लॉक कुठे आहे ते सांगते. रॉडचा नकाशा कंपनीच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये असतो आणि नाक्यावरच्या गॅरेजपर्यंत तो पोचत नाही. माझ्या गाडीची क्लिप तुटली तेव्हा सर्व्हिस सेंटरने 'क्लिप सुटी येत नाही' म्हणून पूर्ण लॉक असेंब्लीचे एस्टिमेट हातात ठेवले. अखेर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून, भंगारातल्या दाराची क्लिप मागवली. ती व्यवस्थित बसली.

हे दुखणे दिल्लीला नवे नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना २,५४४.६५ कोटी रुपयांचा दंड केला, तो सुटे भाग आणि दुरुस्तीची तांत्रिक माहिती बाहेरच्या गॅरेजांना मोकळेपणाने न दिल्याबद्दलच. प्रकरण अपिलात गेले. गॅरेजवाला मात्र अजून यूट्यूबवर परदेशी मॉडेलचे दार पाहून अंदाज बांधतो.

मोबाईलच्या दुरुस्तीयोग्यता निर्देशांकाचा अहवाल २०२५ मध्ये आपल्याकडे आला. मोटारींचा निर्देशांक कराल तेव्हा त्यात एक प्रश्न जरूर घाला: दार बंद असताना लॉक सोडवण्याची सोय कंपनीने ठेवली आहे का, आणि तिची रीत कोणालाही वाचता येते का? पॅडमागच्या पत्र्यात, खटक्यासमोर, रबरी बूच लावलेले एक भोक ठेवले तरी कापाकापी टळेल. क्लिप, रॉड आणि केबल सुट्या विकणे बंधनकारक केले, तर चांगले लॉक फेकावे लागणार नाही.

विजेवर उघडणाऱ्या दारांचा मुद्दा याहून गंभीर आहे. तिथे बारा व्होल्टची बॅटरी बसली की हँडल निर्जीव. अमेरिकेच्या रस्तेसुरक्षा यंत्रणेने सप्टेंबर २०२५ मध्ये टेस्लाच्या २०२१ सालच्या मॉडेल वाय गाड्यांच्या हँडलांची चौकशी सुरू केली. मुले आत अडकल्याने पालकांना काच फोडावी लागल्याच्या तक्रारी त्यात होत्या. चीनने १ जानेवारी २०२७ पासून नव्या मॉडेलांना आतून आणि बाहेरून विजेविना उघडण्याची यांत्रिक सोय सक्तीची केली आहे. आपल्याकडे हा विषय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाच्या अखत्यारीत येतो, म्हणून या पत्राची प्रत तिकडेही पाठवत आहे. कृपया दोन्ही कार्यालयांनी ती एकमेकांकडे 'उचित कार्यवाहीस्तव' धाडू नये.

आपला,
एक गाडीमालक, रत्नागिरी