म्हातारा प्रार्थना कीटक

हल्ली काही मुलं काचेच्या पेटीत प्रार्थना कीटक पाळतात. त्याचं आयुष्य जेमतेम वर्षाचं. पंख फुटले की पुढे काहीच महिने. मग म्हातारपण दिसू लागतं. पंखांच्या कडा फाटतात, पायांची टोकं गळतात, पकड सुटून तो खाली पडतो, भक्ष्यावरची झडप चुकते. डोळे रात्री काळे होतातच, ते म्हातारपण नव्हे. दिवसाही एकाच जागी राहणारा, आपल्या नजरेबरोबर न सरकणारा काळा डाग दिसला तर लक्ष द्या.

अशा वेळी "बागेत सोडा" किंवा "फ्रीजरमध्ये ठेवा, सुटेल बिचारा" असे सल्ले मिळतात. मला दोन्ही पटत नाहीत. बागेत त्याला मुंग्या लागतील. आणि चतुरिंद्रिय जीवाचं आयुष्य आपण का संपवावं? पेटीत मऊ कापड अंथरा, खरबरीत काडी आडवी ठेवा, पाण्याचा थेंब तोंडाशी धरा, णमोकार म्हणा.

मात्र पेटी रिकामी झाली की रिकामीच राहू द्या. हा जिवंत किडेच खातो. एकाला जगवायला दुसऱ्यांचे जीव आपल्या हातांनी पुढे करायचे, हे आपल्या घराला शोभत नाही. मुलांना तो झाडावरच दाखवा.