नायिकेचं काम
या आठवड्यात एमिली हेन्रीची २०२२ सालची ‘बुक लव्हर्स’ ही प्रेमकादंबरी पुन्हा हातात घेतली आणि जेवणाची वेळ कधीच टळून गेली. त्यातली नोरा स्टीफन्स न्यूयॉर्कमधली साहित्यिक एजंट. व्यवहाराला चोख, धाकट्या बहिणीसाठी झिजणारी. एरवी अशा कथांत नायकाने शहरी प्रेयसीला सोडायचं आणि छोट्या गावातल्या मुलीत रमायचं, हा ठरलेला शिरस्ता. हेन्रीने त्या सोडून दिलेल्या बाईलाच नायिका केलं! अली हेझलवुडच्या ‘द लव्ह हायपोथेसिस’मधली ऑलिव्हही स्वादुपिंडाच्या कर्करोगावरचं संशोधन प्रेमापायी सोडत नाही. माझं म्हणणं स्पष्ट आहे, मंडळी : नायिकेला स्वतःचं काम नसेल, तर तिच्या प्रेमातही जीव नसतो. प्रेमकादंबऱ्यांना हलकं म्हणणाऱ्यांनी आधी नोराला भेटावं, मग बोलावं.